गंजलेला व्हाइस आणि रविवार

जुने बेंच व्हाइस दुरुस्त करणं, हा काय अंकाचा विषय झाला? आमच्यातच कुरबूर झाली. पण मीरा-भाईंदरमध्ये एखाद्या गाळ्याचं शटर कायमचं पडलं, की पिढीभर राबलेला व्हाइस किलोच्या भावाने भंगारात जातो. म्हणून हा विषय आत्ताच घ्यावासा वाटला.

जाम स्क्रूवर डिझेल सोडून रात्रभर थांबायचं, हातोडा नको. व्हाइसचं बीड ठिसूळ, तडकलं की वेल्डिंग सहजी धरत नाही. मग वायर ब्रशने आटे मोकळे करून ग्रीस भरायचं आणि गुळगुळीत झालेले जबडे बदलायचे. (सायकलची फ्रेम मात्र त्यात आवळू नका, पातळ नळी चेपते.)

खरी अडचण वेळेची आणि जागेची. सिल्व्हर पार्कसारख्या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये डिझेलचा वास कोण खपवून घेणार? त्यात मुलांच्या परीक्षा, आणि रविवारी पहाटे माउंटन बाइकवरून घोडबंदरकडे पळायची हौस. या अंकातले लेख या ओढाताणीबद्दलच आहेत. कौतुक कमी, तडजोडी जास्त. तुमच्या घरी कोणता व्हाइस कुठल्या कोपऱ्यात बसवलाय आणि त्यासाठी घरच्यांना कसं पटवलंत, ते फोटोसह जरूर कळवा.