चार बोटं वरून

आमच्या काकांना चैतन्य सापडलं ते निवृत्तीनंतर, दोन दिवसांच्या एका शिबिरात. तोवर त्यांना स्वतःचा चष्माही कधी एकट्याने सापडल्याचं मला आठवत नाही.

शिबिराहून आल्यापासून त्यांचा उजवा हात खाली यायलाच तयार नव्हता. कुणाचं डोकं दुखो, कुणाचा गुडघा, काकांचा हात त्याच्या चार बोटं वर तरंगू लागे. अंगाला शिवायचं नाही. अंगाभोवतीचं ऊर्जाक्षेत्र नुसतं विंचरायचं! माणसं संपल्यावर कुंडीतली मरगळलेली तुळस झाली, मग सोसायटीचा पंपही झाला. पंपाला शेवटी प्लंबर लागला. तुळस गेली. काका म्हणाले, "तिची ग्रहणशक्ती कमी पडली." मी पोटभर हसलो.

"हसतोस काय? सायन्स आहे हे!" काका म्हणाले.

सायन्स म्हटलं की आपण मध्यमवर्गीय माणसं गप्प बसतो. कुणी अंगारा पुढे केला तर आपण सुशिक्षितपणे हात मागे घेतो. तोच अंगारा 'क्वांटम' होऊन आला की फी विचारतो. म्हणून मी जरा वाचून काढलं. न शिवता बरं करण्याचा हा प्रकार १९७०च्या दशकात अमेरिकेत 'थेराप्युटिक टच' या नावाने निघाला. न्यूयॉर्क विद्यापीठात नर्सिंग शिकवणाऱ्या डोलोरस क्रीगर आणि थिऑसॉफिस्ट डोरा कुन्झ यांनी तो काढला. त्यातला 'प्राण' हा शब्द मात्र आपल्याकडून गेलेला. नाव टच, आणि टच तेवढा करायचा नाही!

पुढे एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेतल्या विज्ञान प्रकल्पासाठी एक पुठ्ठा उभा केला. उपचारकाने त्याच्या भोकांतून दोन्ही हात पलीकडे ठेवायचे. एमिली नाणं उडवून त्यांतल्या एका हातावर आपला हात न टेकवता धरणार. कोणत्या, एवढंच सांगायचं. २१ उपचारक, २८० खेपा. बरोबर उत्तरं ४४ टक्के. नुसते अंदाज ठोकले असते तरी निम्मी बरोबर आली असती! अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने १९९८ साली हे छापलं.

काकांना सांगितलं, तर म्हणाले, "त्या पोरीचा विश्वास नसणार!"

इथवर सगळी गंमत होती. मग एके सकाळी काकू ओट्यापाशी घेरी येऊन पडली. रक्तदाब २१० वर ११०. चार महिन्यांपासून तिने गोळी बंद केली होती. गोळी घेणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास, शिवाय "बरं वाटत होतं रे." रक्तदाबाची हीच तर खोड, तो बहुधा दुखत नाही! काकांनी शिबिरवाल्यांना फोन केला. उत्तर आलं, "त्यांची ग्रहणशक्ती कमी पडली."

तुळशीचंच वाक्य! आणि इस्पितळातल्या खाटेवरून काकू मला म्हणते, "माझंच काहीतरी चुकलं असेल बघ."

माझं भांडण आहे ते इथे. मनाचा शरीराशी संबंध नाही, असं कोण म्हणतो? धीर मिळाला की दुखणं हलकं होतं, हे डॉक्टरही सांगतात. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. गोळी लागू पडली नाही, तर डॉक्टर गोळी बदलतो. हे शास्त्र लागू पडलं नाही, तर म्हणे रोग्याने बदलायचं! गुण आला तर चैतन्याचा, नाही आला तर दोष आजाऱ्याचा. आजारी माणसाच्या उशाशी आजाराबरोबर अपराधही ठेवून जायचं, याला उपचार म्हणायचं?

घरी आल्यावर मी काकूला विचारलं, "मग तुला बरं वाटत होतं ते कशाने?"

ती म्हणाली, "अरे, चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच रोज वीस मिनिटं माझ्याजवळ बसले. हातात पेपर न घेता!"

काका ऐकत होते. काही बोलले नाहीत.

हल्ली ते रोज सकाळी तिच्याजवळ बसतात. आधी गोळी देतात, मग पाणी. हात मात्र चार बोटं खाली आला आहे, तिच्या हातावर टेकला आहे. एवढा उपयोग मला मान्य आहे. त्याला शिबिर लागत नाही.