ख्मेर मंदिरं पाहायला जाणं हा दोन देशांमधला वाद कसा बनला?

मुंबई-पुण्यातल्या टूर कंपन्यांच्या 'व्हिएतनाम-कंबोडिया' सहलींमध्ये अंगकोर वाटचा मुक्काम ठरलेला असतो. पहाटे तळ्याकाठी उभं राहून सूर्योदय बघायचा, समुद्रमंथनाचं शिल्प पाहायचं, झाडांच्या मुळांनी वेढलेल्या ता प्रोममध्ये फोटो काढायचे आणि पुढच्या शहराकडे निघायचं.

पण ख्मेर राजांनी बांधलेली मंदिरं फक्त अंगकोरमध्ये नाहीत. ती आजच्या कंबोडियात आहेत, थायलंडमध्ये आहेत, लाओसमध्ये आहेत. आणि काही तर थेट थायलंड-कंबोडिया सीमेवर आहेत. २०२५मध्ये याच सीमेवर दोनदा लढाई झाली.

या मंदिरांना भेट देणं ही इथे कधीच साधी गोष्ट नव्हती. कोण आलं, कुठल्या बाजूने आलं, स्वागत कोणी केलं, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयातही खल झाला आहे.

हा वाद नेमका काय आहे आणि तिकडे जायचा विचार करणाऱ्यांनी काय लक्षात घ्यायला हवं, ते समजून घेऊया.

मंदिरं सीमेवर कशी आली?

खरं तर मंदिरं सीमेवर बांधलीच गेली नव्हती. सीमा नंतर आली.

नवव्या ते पंधराव्या शतकादरम्यान ख्मेर साम्राज्याची सत्ता आजच्या कंबोडियासह थायलंड आणि लाओसच्या मोठ्या भागावर होती. अंगकोरहून आजच्या थायलंडमधल्या फिमाईपर्यंत एक राजमार्ग जात होता. वाटेत डांग्रेक डोंगररांगेतली खिंड लागायची. तिथेच ता मुएन मंदिरांचा समूह आहे.

या समूहात तीन वास्तू आहेत. ता मुएन थोम हे शिवमंदिर. तिथे खडकातूनच वर आलेलं स्वयंभू शिवलिंग आहे. बाकीच्या दोन वास्तू बाराव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या सातव्या जयवर्मनच्या काळातल्या आहेत. त्यातली एक प्रवाशांसाठीच्या धर्मशाळेचं देवालय, तर दुसरी आरोग्यशाळेचं. जयवर्मनच्या काळातल्या शिलालेखांमध्ये राज्यभरातल्या १२१ धर्मशाळांचा आणि १०२ रुग्णालयांचा उल्लेख येतो.

म्हणजे वाटसरूंना विसावा मिळावा म्हणून जिथे सोय केली होती, त्याच जागेपाशी २४ जुलै २०२५ रोजी तोफा धडाडल्या.

एका राजपुत्राची सहल न्यायालयात पुरावा ठरली

या सीमावादाचं सर्वांत मोठं प्रतीक आहे प्रेह विहेअर. सुमारे ५२५ मीटर उंचीच्या कड्यावरचं हे शिवमंदिर अकराव्या आणि बाराव्या शतकात आकाराला आलं. इथल्या देवाचं संस्कृत नाव होतं शिखरेश्वर.

१९०४मध्ये सयाम, म्हणजे आजचं थायलंड आणि कंबोडियावर सत्ता असलेला फ्रान्स यांच्यात करार झाला. डोंगरावरचं पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं, ती रेषा म्हणजे सीमा, असं त्यात ठरलं. पण प्रत्यक्ष नकाशे फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केले आणि त्यात प्रेह विहेअर कंबोडियाच्या बाजूला दाखवलं गेलं. सयामने त्या वेळी हरकत घेतली नाही.

१९३०मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग हे मंदिर पाहायला आले. इतिहास आणि पुरातत्त्वाचे ते मोठे जाणकार. मंदिरात फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांचं औपचारिक स्वागत केलं. फ्रान्सचा झेंडाही फडकत होता. दामरोंग यांनी आक्षेप घेतला नाही. उलट परतल्यावर त्या अधिकाऱ्याला सौजन्याचं पत्र आणि फोटो पाठवले.

तीस वर्षांनी ही भेट महागात पडली. फ्रेंच गेल्यानंतर थायलंडने मंदिराचा ताबा घेतला. कंबोडियाने १९५९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १५ जून १९६२ रोजी न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाच्या हद्दीत असल्याचा निकाल दिला. सयामने नकाशा इतकी वर्षं मान्य केला होता, हा निकालाचा गाभा होता आणि दामरोंग यांच्या भेटीचाही त्यात उल्लेख होता.

थायलंडने मंदिर सोडलं, पण आजूबाजूच्या जमिनीचा प्रश्न उरला. २००८मध्ये कंबोडियाच्या प्रस्तावावरून युनेस्कोने प्रेह विहेअरला जागतिक वारसा यादीत घेतलं आणि वाद पुन्हा पेटला. २०११पर्यंत तिथे अधूनमधून चकमकी होत राहिल्या. २०१३मध्ये न्यायालयाने मंदिर ज्या डोंगरसुळक्यावर आहे तो पूर्ण भाग कंबोडियाचा असल्याचं स्पष्ट केलं. त्यापलीकडच्या सीमेबद्दल मात्र न्यायालयाने काही ठरवलं नाही. आता थायलंड या न्यायालयाचा अधिकारच मान्य करत नाही. वाद दोघांनी बोलून सोडवावा, असं त्याचं म्हणणं आहे.

२०२५मध्ये काय घडलं?

सुरुवात पुन्हा एका भेटीपासूनच झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये कंबोडियन नागरिकांचा एक गट सैनिकांसोबत ता मुएन थोम मंदिरात आला आणि त्यांनी तिथे राष्ट्रगीत म्हटलं. थाई सैनिकांनी त्यांना रोखलं. या प्रसंगाचा व्हीडिओ दोन्ही देशांत फिरला.

२८ मे रोजी सीमेवरच्या दुसऱ्या एका ठिकाणी गोळीबारात एक कंबोडियन सैनिक मारला गेला. जूनमध्ये सीमानाके बंद झाले. २४ जुलैला लढाई सुरू झाली आणि पाच दिवसांनी मलेशियाच्या मध्यस्थीने थांबली. तोवर चाळीसहून अधिक लोकांचा जीव गेला होता आणि तीन लाखांहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली होती.

ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या उपस्थितीत शांतता करार झाला. पण नोव्हेंबरमध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात थाई सैनिक जखमी झाल्यावर थायलंडने कराराची अंमलबजावणी थांबवली. कंबोडियाने नवे सुरुंग पेरल्याचा आरोप थायलंडने केला. ते जुन्या युद्धातले असल्याचं कंबोडियाने सांगितलं. डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई पेटली आणि २७ डिसेंबरला पुन्हा युद्धबंदी झाली.

मंदिरांचं काय झालं?

प्रेह विहेअरचं नुकसान झाल्याचं कंबोडियाने सांगितलं. मंदिराच्या परिसराचा वापर कंबोडियन सैन्य करत असल्याचा आरोप थायलंडने केला. युनेस्कोने चिंता व्यक्त केली. युद्धकाळात सांस्कृतिक वारशाला इजा होऊ नये म्हणून १९५४मध्ये हेग इथे जो करार झाला, त्याचे हे दोन्ही देश सदस्य आहेत.

यात भारताचाही संबंध येतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटमध्ये जतनाचं काम केलं. कंबोडियात यादवी पूर्ण थांबलेली नसतानाचा तो काळ होता. पुढे ता प्रोमचं कामही भारताने हाती घेतलं. प्रेह विहेअरच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय समन्वय समितीचं अध्यक्षपद भारत आणि चीनकडे संयुक्तपणे आहे. डिसेंबरमध्ये तिथल्या जतनाच्या सुविधांचं नुकसान झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ही चिंतेची बाब असल्याचं म्हटलं.

मग पर्यटकांनी जावं की नाही?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. अंगकोर आणि सीमेवरची मंदिरं एकाच भागात नाहीत.

अंगकोरचा सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा परिसर सिएम रीप शहराला लागून आहे. वादग्रस्त सीमा तिथून शंभर किलोमीटरहून दूर आहे. २०२३मध्ये सिएम रीपला नवा विमानतळ सुरू झाला, त्यामुळे थेट तिथे उतरता येतं. मात्र डिसेंबरमध्ये थाई विमानांनी सिएम रीप प्रांताच्या हद्दीत बॉम्ब टाकल्याचा आरोप कंबोडियाने केला होता. म्हणून 'दूर आहे, काही होत नाही' असं गृहीत धरून चालणार नाही. तिकीट काढताना आणि निघण्यापूर्वी असं दोनदा नोम पेन्हमधल्या भारतीय दूतावासाच्या सूचना पाहायला हव्यात.

रस्त्याने जाण्याचा बेत असेल तर तो बदलावा लागेल. बँकॉकहून बसने पोइपेट नाक्यापर्यंत यायचं, सीमा ओलांडायची आणि सिएम रीप गाठायचं, हा कमी खर्चात फिरणाऱ्यांचा आवडता मार्ग होता. जून २०२५मध्ये तो बंद झाला आणि युद्धबंदीनंतरही लगेच खुला झाला नाही.

प्रेह विहेअर आणि ता मुएनसारख्या सीमेवरच्या मंदिरांना जाणं सध्या टाळलेलंच बरं. धोका फक्त तोफांचा नाही. कंबोडियातल्या अनेक दशकांच्या युद्धातले सुरुंग या पट्ट्यात आजही सापडतात. आता त्यात न फुटलेल्या नव्या दारूगोळ्याची भर पडली आहे. जुलै २०२५मध्ये बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाने सुरिन, सिसाकेत, बुरिरामसह थायलंडच्या सात सीमावर्ती प्रांतांमध्ये न जाण्याचा सल्ला दिला होता. मृत ज्वालामुखीवर बांधलेलं फनोम रुंग हे देखणं शिवमंदिर बुरिराममध्येच आहे. थायलंडमधलं ख्मेर स्थापत्य पाहायचं असेल तर सीमेपासून आत असलेलं फिमाई हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे.

आणखी एक गोष्ट प्रवास विम्याची. अनेक पॉलिसींमध्ये युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. दूतावासाने मनाई केलेल्या भागात गेल्यास भरपाई मिळेलच असं नाही. पॉलिसीतली ही कलमं आधीच वाचलेली बरी.

न गेल्याने कोणाचं नुकसान?

अंगकोरचं एका दिवसाचं तिकीट परदेशी पर्यटकांसाठी ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२ आणि सात दिवसांचं ७२ डॉलर आहे. पण सिएम रीपची अर्थव्यवस्था या तिकिटापलीकडे पसरलेली आहे. टुकटुकवाले, गाइड, छोटी हॉटेलं, बाजारातले विक्रेते असे सगळे येणाऱ्या माणसांवर अवलंबून आहेत. कोव्हिडच्या काळात या शहराने रिकामं अंगकोर पाहिलं आहे. सीमेवरच्या लढाईची बातमी आली की दीडशे किलोमीटरवरच्या सिएम रीपमधलीही बुकिंग रद्द होतात. सीमेच्या थाई बाजूच्या बाजारांनाही हाच फटका बसतो.

एके काळी चित्र वेगळं होतं. जानेवारी १९६३मध्ये प्रेह विहेअरचा ताबा घेताना कंबोडियाचे राजपुत्र सिहानुक स्वतः कडा चढून वर गेले आणि थाई लोकांना व्हिसाशिवाय मंदिरात येता येईल, असं त्यांनी जाहीर केलं. नंतरही शांततेच्या काळात, २००८पर्यंत, थायलंडकडून येणारे पर्यटक व्हिसा न घेता हे मंदिर पाहून संध्याकाळी परत जात.

त्याला कारण मंदिराची रचनाही होती. बहुतेक ख्मेर मंदिरं पूर्वाभिमुख असतात, प्रेह विहेअर उत्तराभिमुख आहे. त्याच्या पायऱ्या थायलंडच्या दिशेने उतरतात, तर कंबोडियाच्या बाजूला खोल कडा आहे. सीमा कुठून जाते याचा निवाडा कधीतरी होईल. पण या पायऱ्या दोन्हीकडच्या लोकांसाठी पुन्हा खुल्या करायच्या असतील, तर आधी सुरुंग काढावे लागतील आणि सीमानाके उघडावे लागतील. ते काम कोणतंही न्यायालय करणार नाही, बँकॉक आणि नोम पेन्हलाच करावं लागेल.