कोडिंगची डिग्री, सेल्सचा इंटरव्ह्यू

‘सेल्सफोर्स’ ही जगातली एक बडी सॉफ्टवेअर कंपनी. तिचे प्रमुख मार्क बेनिऑफ यांनी डिसेंबर २०२४ मध्ये एका पॉडकास्टवर सांगून टाकलं, की २०२५ साली आम्ही नवे सॉफ्टवेअर इंजिनीअर घेणार नाही, एआयमुळे आहेत त्यांचंच काम वाढलंय. मात्र विक्रीसाठी हजार ते दोन हजार माणसं घेऊ. कारण? हे एआय नावाचं प्रकरण कंपन्यांना समजावून सांगायला माणूस लागतो.

आता हे वाचून लगेच ‘चला, सेल्समध्ये जाऊ’ म्हणू नका. याच बेनिऑफ यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की ग्राहकसेवेतली माणसं ९ हजारांवरून जवळपास ५ हजारांवर आणली, बाकीचं काम एआय एजंट करतात. म्हणजे फोनवर बोलण्याचं काम सुरक्षित आहे असंही नाही. कुठल्या प्रकारचं बोलणं, यावर ते अवलंबून आहे. आणि नेमकं तेच आता इंटरव्ह्यूमध्ये तपासलं जातं.

आपल्याकडे काय चाललंय? २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघींची मिळून कर्मचारीसंख्या ६३ हजारांहून अधिकने घटली. कॅम्पसवर हजारोंनी ऑफर लेटर वाटणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर बीई, बीसीएस झालेली पोरं शोधाशोध करायला लागली. त्यांना दिसतात त्या जागा अशा : एसडीआर, बीडीए, इनसाइड सेल्स. घरी सांगायची मात्र पंचाईत. ‘इंजिनीअर करून पोराला फोनवर बसवायचं का?’ हा प्रश्न जेवणाच्या ताटावर येतोच.

या नाक मुरडण्याला एक कारण आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही. एडटेकच्या लाटेत फ्रेशर्सना धडाधड सेल्सला घेतलं गेलं. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन असलेली बायजूज जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये पालकांच्या गळ्यात कोर्स मारल्याच्या आरोपांवरून राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना समन्स धाडलं होतं. तेव्हा ‘टेक कंपनीतला सेल्स जॉब’ या एकाच पाटीखाली दोन अगदी वेगळी कामं असतात. एकीकडे आईबापांच्या भीतीवर फोन करून कर्ज काढायला लावणं आणि दुसरीकडे एखाद्या कारखान्याला खरोखर उपयोगी पडेल असं सॉफ्टवेअर दाखवणं. इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे आपण यातल्या कुठल्या दारात उभे आहोत, हे ओळखणंही आलंच.

आधी कामाचं नाव समजून घ्या. एसडीआर म्हणजे सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह. हा माणूस सौदा करत नाही. तो गिऱ्हाईक शोधतो, त्याच्याशी पहिलं बोलतो आणि पुढच्या सीनियरसाठी मीटिंग ठरवतो. सौदा करणारा तो अकाउंट एक्झिक्युटिव्ह. बीडीए या नावाखाली मात्र कंपनीगणिक काहीही असू शकतं, अगदी शोध घेण्यापासून पैसे वसूल करण्यापर्यंत. म्हणून जॉब डिस्क्रिप्शन दोनदा वाचा. ‘मी कंपनीचा रेव्हेन्यू वाढवीन’ असं एसडीआरच्या इंटरव्ह्यूत सांगणारा मुलगा जागेची जाहिरातही नीट वाचून आलेला नाही, हे समोरच्याला पहिल्या मिनिटात कळतं.

मग येतो तो प्रसिद्ध प्रश्न. ‘हा पेन मला विकून दाखव.’ २०१३ च्या ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ने तो घराघरात पोहोचवला आणि यूट्यूबवर त्याच्या उत्तरांचा पूर आला. बहुतेक जण पेनची तारीफ सुरू करतात. शाई अशी, ग्रिप तशी. इथेच गडबड होते. समोरचा पेन वापरतो का, शेवटची सही कशावर केली, रोज हाताने लिहितो की सगळं लॅपटॉपवरच, हे विचारल्याशिवाय विकणार कुणाला? आता बऱ्याच ठिकाणी पेनऐवजी कंपनीचंच प्रॉडक्ट देऊन मॉक कॉल करायला लावतात. तो बरा, कारण त्याची तयारी करता येते.

एक उदाहरण घेऊ. समजा कंपनी जीएसटी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकते आणि इंटरव्ह्यू घेणारा म्हणाला, ‘मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला. कर कॉल.’ तुम्हाला काय माहीत असायला हवं? वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या धंद्याला दिलेल्या बिलासाठी ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. बिल सरकारी पोर्टलवर चढवायचं, तिथून नंबर आणि क्यूआर कोड येतो. १० कोटी आणि वरच्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून ३० दिवसांची मुदतही आली. त्यानंतर पोर्टल ते बिल घेतच नाही. आणि बिल नीट चढलं नाही, तर माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीला इनपुट क्रेडिट मिळायला अडचण. मग ती पेमेंट अडकवते. फाउंड्रीवाल्याचं दुखणं इथे आहे, सॉफ्टवेअरच्या चकचकीत डॅशबोर्डमध्ये नाही.

एवढं डोक्यात ठेवून कॉल कसा होईल?

‘साहेब, दोनच मिनिटं घेतो. दिवसाला साधारण किती बिलं निघतात आपल्याकडं?’

‘निघतात पंधरा-वीस. आमचा अकाउंटंट बघतोय ते.’

‘आणि ते रजेवर असले की?’

इथे थांबायचं. खरंच थांबायचं. नवखा माणूस शांतता सहन न होऊन बडबडायला लागतो आणि समोरच्याने द्यायचं उत्तर स्वतःच देऊन टाकतो. फाउंड्रीवाला म्हणाला, ‘मग काय, दोन दिवस बिलं पडून राहतात’, की तुमचं निम्मं काम झालं. तरीही लगेच किंमत सांगू नका. ‘गुरुवारी अकरा वाजता अकाउंटंट साहेबांनाही बसवून वीस मिनिटांत दाखवू का?’ एसडीआरचं काम इथे संपतं. आणि तो म्हणालाच, ‘आमचं जुनं सॉफ्टवेअर झकास चाललंय, नको’, तर वाद घालण्यापेक्षा ‘त्यात काय सगळ्यात सोयीचं वाटतं?’ असं विचारा. मार्क ‘हो’ मिळवण्याला असतात तसेच नकार कसा घेता यालाही असतात. दोन मिनिटांनी इंटरव्ह्यू घेणारा सूचना देतो आणि तोच कॉल पुन्हा करायला लावतो. दुसऱ्या वेळी ती सूचना तुमच्या बोलण्यात दिसली का, याकडे त्याचं बारीक लक्ष असतं. पहिला कॉल फसला म्हणून चेहरा पाडून बसू नका.

भाषेचं काय? मराठी मीडियमच्या मुलांना इथे घाम फुटतो. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी जागा असेल तर इंग्रजी स्वच्छ आणि सावकाश हवं, हे खरंच. नकली अॅक्सेंट मात्र नको. तो तिसऱ्या वाक्याला सुटतो. पण जी कंपनी चाकण, इचलकरंजी, संभाजीनगरच्या छोट्या उद्योगांना सॉफ्टवेअर विकतेय, तिच्यासाठी मालकाशी मराठीत बोलू शकणारा माणूस हा प्लस पॉइंट आहे. रेझ्युमेत ‘लँग्वेजेस नोन’च्या शेवटच्या ओळीत ते दडवून ठेवू नका, तोंडाने सांगा. गणपती मंडळासाठी जाहिराती गोळा केल्या असतील, कॉलेज फेस्टला स्पॉन्सर आणला असेल, तर तो अनुभवच आहे. फक्त आकड्यात सांगा : किती दुकानदारांकडे गेलात, किती जणांनी हाकललं, किती पैसे जमले. हाकललेल्यांचा आकडा लपवू नका, या धंद्यात तोच जास्त विश्वासार्ह वाटतो.

आणि एआय? तो विषय निघणारच. कोल्ड ईमेल लिहिणं, कंपन्यांची यादी काढणं ही कामं आता टूल करतं. तेव्हा ‘मी छान ईमेल लिहितो’ याची किंमत घसरली आहे. टूलने दिलेली माहिती तपासून घेता येते का आणि यादीबाहेरचं काही कानाने टिपता येतं का, यावर बोला.

आता पैशांकडे येऊ, कारण इथे फ्रेशर्स सगळ्यात जास्त फसतात. समजा पॅकेज साडेसहा लाख सांगितलं. त्यात फिक्स्ड साडेतीन आणि व्हेरिएबल तीन लाख असेल, तर टार्गेट न झालेल्या महिन्यात हाताशी येणारा आकडा २९ हजारांच्या आसपासच, पीएफ वगैरे कापून आणखी कमी. पुण्यात किंवा बेंगळुरूत भाडं भरायचं ते यातूनच. म्हणून शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारल्यावर ‘नो सर’ म्हणून उठू नका. विचारा : गेल्या तिमाहीत टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं? पहिले तीन महिने टार्गेट कमी असतं का? ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेलंय? अमेरिकन शिफ्ट असेल तर घरी सोडायला गाडी आहे का? न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. ऑफिस सुटेपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते.

एक प्रश्न तर विचाराच : कॉल कुठल्या नंबरवरून करायचे, कंपनीच्या की माझ्या? काही ठिकाणी फ्रेशर्सना स्वतःच्या सिमवरून जाहिरातीचे कॉल करायला लावतात. ट्रायच्या नियमांनुसार असे कॉल नोंदणी करून आणि ठरवून दिलेल्या १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करायचे असतात. १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने टेलिकॉम कंपन्यांना आदेश दिला, की नोंदणी न केलेल्या टेलिमार्केटर्सची कनेक्शन्स तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. महिनाभरात पावणेतीन लाखांहून अधिक नंबर बंद झाले. बँक, आधार, यूपीआय सगळं ज्या नंबरला जोडलंय तो कंपनीच्या टार्गेटपायी बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी एचआर तुम्हाला ओळख दाखवेल का, याचा विचार करा. ट्रेनिंग फी, लॅपटॉप डिपॉझिट किंवा मूळ मार्कशीट मागणारी कंपनी दिसली तर तिथूनच परत फिरा.

हे प्रश्न विचारले तर नोकरी जाईल, अशी भीती वाटते. पण सेल्सच्या इंटरव्ह्यूत प्रश्न विचारणं हेच तर काम आहे. जिथे एवढ्यावरून भुवया उंचावतात, तिथे पुढे गिऱ्हाइकांचं काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका. ‘थँक यू फॉर युवर टाइम’ एवढाच नको. मॉक कॉलमध्ये कुठे अडलात आणि पुन्हा केला असता तर कोणता प्रश्न विचारला असता, ते लिहा. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन करा, कामाच्या वेळेत. तोही नाही उचलला, तर पुढच्या आठवड्यात आणखी एक.