गोळी सोडू नका, तक्रार सांगा

रक्तदाबाची गोळी एकदा लागली की सुटत नाही, या भीतीने कित्येकजण ती सुरूच करीत नाहीत. ज्यांनी सुरू केली त्यांतले बरेचजण वर्षानुवर्षे जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून तीच गोळी नेतात. आणि काहीजण, त्रास झाला की कोणाला न सांगता बंद करतात. यातली शेवटची तऱ्हा मला सर्वांत घातक वाटते. गोळी सोडल्याचे घरी कळते ते अर्धांगवायूचा झटका आल्यावर.

गोळ्यांचे दुष्परिणाम असतात, हे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवे. अम्लोडिपिनने संध्याकाळी घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. लगेच 'किडनी गेली' म्हणून घाबरू नये. बहुधा मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की सूज उतरते. एनालाप्रिल, रामिप्रिलने शंभरात दहा-एक जणांना कोरडा खोकला लागतो. त्यावर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवून उपयोग नाही. त्याऐवजी लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन दिले, तर खोकला सहसा काही आठवड्यांत थांबतो. अटेनोलॉलने नाडी मंदावते, थकवा येतो. पण ती एकदम बंद केल्यास हृदयविकार असणाऱ्याच्या छातीत कळ येऊ शकते.

आपल्या भागात जास्त जपायचे ते लघवी वाढवणाऱ्या गोळीला. माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हात राबणाऱ्या माणसाला त्यातच जुलाब-उलट्या लागल्या, तर अंगातले पाणी आणि सोडियम घटते. चक्कर येते, म्हातारी माणसे असंबद्ध बोलू लागतात. 'वय झालं आता' म्हणून घरचे गप्प बसतात! अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेणाऱ्यांनीही सावध राहावे. त्यांनी रक्तदाब वाढतो आणि या औषधांच्या जोडीला मूत्रपिंडावरही ताण येतो.

'इंग्रजी' गोळी टाकून झाडपाल्याकडे वळणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील सर्पगंधेचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि आपल्या या मुळीकडे जगाचे लक्ष गेले. तिच्यातून पुढे निघालेल्या रिसर्पिनने रक्तदाब उतरे, पण नाक चोंदे आणि काहींना खोल खिन्नता येई.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटे, पुड्या, चूर्णे पिशवीत घालून न्या. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम शेवटचे कधी तपासले, तेही विचारा. वर्ष उलटले असेल तर तपासून घ्या.