दहा वर्षांचा तुरुंग आणि एक लाखाचा दंड

दर वर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात आणि चालकांना शिस्तीचे पाठ दिले जातात. या समारंभांत एक प्रश्न मात्र टाळला जातो : रस्त्यावर मरतो कोण, आणि त्या मरणाची जबाबदारी कायदा कोणावर टाकतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती आणि ३२,८२५ पादचारी होते. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ बळी गेले. म्हणजे दर दहा मृतांमध्ये सहांहून अधिक जण पायी चालणारे किंवा दुचाकीवरचे. पाळी संपवून घरी निघालेला कामगार, बाजाराला चाललेली शेतकरी स्त्री, रस्ता ओलांडून शाळेत जाणारा मुलगा अशीच ही माणसे असतात.

आता कायद्याचा तराजू पाहावा. भारतीय न्याय संहितेच्या १०६ (२) या कलमाने, निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारण झालेल्या आणि खबर न देता पळालेल्या चालकास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. जखमीला टाकून पळणे समर्थनीय नाही. पण जमावाच्या हाती सापडण्याची भीतीही खोटी नाही. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारचालकांनी देशभर चाके थांबविली, तेव्हा कुठे हे कलम १ जुलै २०२४ रोजी संहितेबरोबर लागू होऊ शकले नाही. याउलट, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १९८-अ हे कलम वाचावे. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल सदोष राहून माणूस मेला, तर कंत्राटदार व संबंधित यंत्रणेला कमाल शिक्षा किती? एक लाख रुपये दंड! एकाच रस्त्यावरच्या मरणाला कायद्याने दोन भाव लावले आहेत.

निधीचेही तेच. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ५५ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. दुसरीकडे, अपघातग्रस्ताला विनारोख उपचार देण्याची तरतूद कायद्यात २०१९ मध्ये झाली. दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांच्या उपचारांची योजना मात्र सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर मे २०२५ मध्ये निघाली. वेगासाठी तिजोरी तत्काळ उघडते. जीव वाचविण्यासाठी न्यायालयाला दार ठोठवावे लागते.

चालकाच्या झोपेचा प्रश्नही शिस्तीचा नसून श्रमाचा आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली होती. परंतु खेपेवर मजुरी मिळणाऱ्या आणि वेळेत माल न पोचल्यास पैसे कापले जाणाऱ्या चालकापर्यंत ती पोचलीच नाही. डुलकी त्याची असते, पण ती लादणारे अर्थकारण मालकाचे असते. पोलिसांच्या पंचनाम्यात ते कधी येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. रस्तेबांधणीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात पदपथ, भुयारी मार्ग, दिवे आणि गावाच्या तोंडाशी वेगरोधक यांचा खर्च आधी धरला जावा. सदोष रस्त्याची जबाबदारी कंत्राटदार व अधिकाऱ्यांवर दंडापुरती न ठेवता फौजदारी स्वरूपात निश्चित व्हावी. चालकांचे कामाचे तास तपासण्यासाठी पुरेसे निरीक्षक नेमावेत आणि महामार्गांवर त्यांना विनामूल्य विश्रांतिगृहे मिळावीत.

ही मागणी मंत्रालयात आपोआप उगवणार नाही. जिथे वारंवार माणसे दगावतात अशा आपल्या तालुक्यातील जागांची यादी कार्यकर्त्यांनी करावी, ती ग्रामसभेत ठरावाने मंजूर करून घ्यावी आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवावी. पायी चालणाऱ्याचा जीव हा विकासाचा किरकोळ खर्च नव्हे, हे शासनाला संघटित जनताच पटवू शकेल.