सुटकेनंतर उरलेला जाब

सत्तापदावरून पायउतार झालेल्या पुरुषास न्यायासनापुढे उभे करण्याची वेळ आली, की आपल्याकडे कोणी त्यात सूड पाहतो, तर कोणी कृतघ्नता. आणि तो पुरुष कर्तबगार व व्यासंगी असेल, तर जाब विचारणाराचीच जीभ अडखळू लागते. पी. व्ही. नरसिंह राव यांच्या बाबतीत हा संकोच महाराष्ट्रास विशेष वाटावा हे स्वाभाविक आहे. कारण रामटेकने त्यांना दोनदा लोकसभेत धाडले होते, मराठीवर त्यांचे प्रभुत्व होते आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनीच तेलुगूत नेली होती. 1991 साली परकीय चलनाचा खजिना रिता होत आला असता त्यांनी देशाच्या अर्थकारणास जे वळण दिले, त्याचे मोल मरणोत्तर ‘भारतरत्न’ देऊन 2024 साली झाले, ते यथोचितच होय. परंतु एका खात्यावरील जमेने दुसऱ्या खात्यावरील येणे फिटत नाही.

ते दुसरे खाते 28 जुलै 1993 चे आहे. त्या दिवशी राव सरकारवरील अविश्वासाचा ठराव 251 विरुद्ध 265 मतांनी फेटाळला गेला, आणि सरकारास तारणाऱ्यांत झारखंड मुक्ती मोर्चाचे चार खासदार होते. त्यानंतर दिल्लीच्या नौरोजीनगरातील पंजाब नॅशनल बँकेत त्यांच्या नावे मोठ्या रोख रकमांचा भरणा झाला. तरीही चौकशीचे चक्र हलण्यास 1996 साल उजाडून एका संघटनेची फिर्याद आणि उच्च न्यायालयाचा बडगा यावा लागला. याचे कारण गूढ नव्हते. केंद्रीय अन्वेषण विभाग ज्या खात्याच्या अखत्यारीत येतो, ते खाते पंतप्रधानांच्याच हाती होते; ज्याच्याविषयी चौकशी व्हावयाची, तोच चौकशी करणाराचा धनी होता.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने जो निर्णय दिला, त्याने सामान्य माणसाची मती गुंग व्हावी. घटनेच्या 105 व्या अनुच्छेदाने सभागृहातील मतास संरक्षण दिले असल्यामुळे लाच घेऊन इमानाने मत देणारा खासदार खटल्यातून मुक्त ठरला, घेऊन मतदान टाळल्याचा आरोप असलेला मात्र अडकला, आणि लाच देणारास तर संरक्षण नव्हतेच. परिणामी 2000 साली विशेष न्यायालयाने राव यांना तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेले ते पहिलेच माजी पंतप्रधान. मात्र 2002 साली दिल्ली उच्च न्यायालयाने माफीच्या साक्षीदाराची जबानी अविश्वसनीय मानून त्यांना निर्दोष सोडले.

न्यायालयाने सोडले त्यास आपण दोषी म्हणू नये, ही सभ्यतेची आणि कायद्याची मर्यादा प्रस्तुत लेखकास सर्वथा मान्य आहे. तथापि आरोपीची सुटका झाली, म्हणजे प्रजेचा प्रश्न सुटला असे होत नाही. शिक्षा व्यक्तीस होते. जाब मात्र पदास द्यावा लागतो, आणि बँकेत आलेली ती रोकड कोठून आली, याचे उत्तर त्या पदाच्या दफ्तरातून जनतेस मिळावयास हवे होते.

लाच घेणारास अभय देणारा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 4 मार्च 2024 रोजी एकमुखाने रद्द केला, आणि दैवयोग असा, की ज्या प्रकरणात तो रद्द झाला, त्यातील आरोपी सीता सोरेन या मूळ खटल्यातील त्या चार खासदारांपैकी शिबू सोरेन यांच्या स्नुषा होत. राव यांच्या निधनास तेव्हा एकोणीस वर्षे लोटली होती. बैल गेला आणि झोपा केला, असेच म्हणावयाचे. तरी झोपा झाला हे इष्टच. पण त्यास एक मोठे भगदाड अद्याप आहे. 2013 च्या लोकपाल कायद्याने पंतप्रधानपदही चौकशीच्या कक्षेत आणले खरे, परंतु त्यासाठी लोकपालांच्या पूर्णपीठाची व निदान दोनतृतीयांश सदस्यांची संमती हवी, चौकशी बंद दाराआड व्हावी, आणि तक्रार फेटाळली गेल्यास तिचे कागदपत्र कोणासही दाखवू नयेत, अशी तजवीज त्याच कायद्यात करून ठेवली आहे.

खोट्या तक्रारींपासून पंतप्रधानांचे रक्षण व्हावे, म्हणून संमतीची अट कठोर असण्यास हरकत नाही, आणि राष्ट्राच्या सुरक्षिततेस बाध येईल तेवढा मजकूर झाकण्यासही नाही. परंतु निर्दोष ठरलेल्या सत्ताधीशाची अब्रू खुल्या दफ्तराने उजळते, बंद दफ्तराने मात्र आयुष्यभर संशयात राहते. आणि प्रजेच्या हाती तर त्या बंद दफ्तरातून काहीच लागत नाही. म्हणून चौकशी संपल्यावर, तिचा निष्कर्ष काहीही असो, कागदपत्र प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्याने घालावे आणि ते लपविण्याची मुभा देणारे कलम संसदेने विनाविलंब काढून टाकावे.