पहिलटकरीण आणि घरच्यांचा धीर

पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत (२०२३ पासून दोहोंचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला आहे) पहिल्या बाळंतपणास लेकीला माहेरी आणण्याची रीत आहे. रात्री कळा सुरू होतात, आणि सकाळी नर्सबाई तपासून सांगतात, "पिशवीचे तोंड दोनच बोटे उघडले आहे." हे ऐकताच घरच्यांचा धीर सुटतो. रात्रभर कळा देऊन एवढेच? वास्तविक त्या रात्रीत पुष्कळ काम झालेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

गर्भाशयाच्या खालच्या टोकास असलेले हे मुख एरवी जाड, घट्ट व सुमारे तीन ते चार सेंटिमीटर लांबीचे असते. त्याचे घट्टपण हीच बाळाची राखण होय. ते दुबळे असल्यास गर्भ अकाली निसटतो. अशा स्त्रियांसाठी गोव्यात जन्मलेले मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली मांडलेला टाका आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो.

दिवस भरत आले म्हणजे हे मुख मऊ होऊ लागते. पहिलटकरणीत ते बहुधा आधी आखूड व पातळ होते आणि मग उघडते. बंद गळ्याचा लोकरी सदरा डोक्यावरून चढविताना पट्टी आधी ताणली जाते, तसेच हे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस पातळ होणे व उघडणे ही दोन्ही कामे बरोबरच चालतात, म्हणून थोरल्या जावेच्या घड्याळाने धाकटीचे बाळंतपण मोजू नये.

पूर्ण उघडलेले मुख दहा सेंटिमीटर मानतात. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डॉ. फ्रीडमन यांनी पहिलटकरणींच्या कळांचे आलेख काढले. त्यावरून पुढे 'तासाला एक सेंटिमीटर' हा दंडक रूढ झाला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, हा दंडक सर्व स्त्रियांना लागू पडत नाही. पाच सेंटिमीटरपर्यंतचा काळ प्रत्येकीचा निराळा असतो. त्यापुढे पहिल्या खेपेस साधारणतः बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आई व बाळ यांची प्रकृती ठीक असेल, तर केवळ गती मंद म्हणून घाई करण्याचे कारण नाही.

घरच्यांची अधीरता येथेच घातक ठरते. कळा वाढविण्याचे इंजेक्शन घरी कोणाकडूनही टोचून घेऊ नये. रुग्णालयात ते औषध सलाईनमधून, थेंब मोजून व बाळाचे ठोके ऐकत देतात. बेताल दिल्यास गर्भाशय फाटण्याचा आणि बाळाचा प्राणवायू तुटण्याचा धोका असतो. तसेच मुख पूर्ण उघडण्यापूर्वी "जोर कर" असे सांगू नये. त्याने मुखास सूज येते आणि लेक ऐन वेळी थकते. त्यापेक्षा तिला हिंडूफिरू द्यावे, पाणी-पेज द्यावी, कंबर चोळावी आणि तिच्या विश्वासाची एक बाई सतत जवळ असावी.

मात्र धीर म्हणजे घरी बसून राहणे नव्हे. कळा नियमित येऊ लागताच, आणि गाव दूर असल्यास त्याहूनही लवकर, आशाताईंना कळवावे व १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. पाणमोट फुटली, पाणी हिरवट दिसले, रक्त जाऊ लागले, ताप आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटके आले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाटही पाहू नये.

बाळंतपण पुढे सरकते आहे की खरोखर अडले आहे, हे वेळोवेळी तपासणाऱ्या जाणत्या हातांनाच कळते. तो निर्णय त्यांच्यावर सोपवावा. घरच्यांनी लेकीचा हात धरून ठेवावा.